इंग्रजी शिकणाऱ्याला मदत करताना: व्याकरण, शब्दार्थ आणि युक्तिवाद यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांचा अभ्यास घेणारे पालक, शिकवणी घेणारे शिक्षक आणि धाकट्या भावंडांचे निबंध तपासून देणारे विद्यार्थी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागू पडत असेल, तर तेथे फक्त क्रमांक दिला आहे. इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, कारण येथे प्रश्न स्पेलिंगचा नसून रचनेचा आणि अर्थाचा आहे.

१. विद्यार्थी वाक्य दाखवून "हे बरोबर आहे का?" असे विचारतो. लगेच सांगून मोकळे व्हावे का?

नाही. त्याला काय म्हणायचे आहे, हे आधी मराठीत विचारून घ्यावे. समजा, वहीत वाक्य आहे: 'शी स्टॉप्ड टू टॉक टू मी'. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीही खोट नाही आणि त्याचा अर्थ 'माझ्याशी बोलण्यासाठी ती थांबली' असा होतो. परंतु मैत्रिणीने अबोला धरल्याची हकिकत लिहिणाऱ्या मुलीला 'शी स्टॉप्ड टॉकिंग टू मी' असे म्हणायचे होते. तपासणाऱ्याने 'बरोबर' अशी खूण केली, तर नेमका उलटा अर्थ वहीत कायम राहतो आणि तोही शिक्कामोर्तब होऊन. वाक्य बरोबर आहे की चूक, याचा निवाडा अर्थ विचारात न घेता करता येत नाही. शब्दाची निवड आणि युक्तिवाद यांनाही हेच लागू पडते, म्हणून पुढील बहुतेक उत्तरे फिरून या प्रश्नापाशी येतात.

२. निबंधात वीस चुका असतील, तर वीसही दाखवाव्यात का?

चुका दोन प्रकारच्या असतात आणि त्यांना एकच औषध चालत नाही. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला. काही चुका घाईत हात घसरल्याने होतात. काही मात्र विद्यार्थ्याच्या मनात त्या भाषेविषयी जो नियम तयार झालेला असतो, त्यातून नियमाने घडतात. ओळखण्याची रीत सोपी आहे: ते वाक्य त्यालाच मोठ्याने वाचायला सांगावे. वाचताना तो स्वतःच सुधारत असेल तर ती घसरण समजावी आणि पुढे जावे. तो चुकीचे वाक्य ठामपणे वाचत असेल, तर तेथे शिकवण्यासारखे काही आहे.

लेखी चुका दुरुस्त केल्याने खरोखर फायदा होतो का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये ही प्रथा निरुपयोगी, किंबहुना अपायकारक असल्याचे प्रतिपादन केले आणि डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला सविस्तर विरोध केला. हा वाद एका बाजूला ठेवला, तरी लाल शाईने भरलेले पान विद्यार्थी वाचत नाही, तो फक्त गुण पाहतो, हे कोणताही शिक्षक सांगेल. म्हणून एका निबंधात एक किंवा दोन ठरावीक प्रकारच्या चुकाच घ्याव्यात. त्यासुद्धा दुरुस्त करून देऊ नयेत. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात खूण करावी आणि शोध विद्यार्थ्यावर सोडावा.

३. बोलताना चूक झाली, तर मध्येच अडवावे का?

सांगणे महत्त्वाचे असेल तेव्हा अडवू नये. सराव चालू असेल तेव्हा जरूर अडवावे, पण चूक विद्यार्थ्याच्या लक्षात येईल अशा रीतीने. बहुतेक जण वाक्य सुधारून पुन्हा उच्चारतात. विद्यार्थी म्हणतो, 'ही गो देअर यस्टरडे', शिक्षक म्हणतो, 'येस, ही वेंट देअर', आणि विद्यार्थ्याच्या कानात फक्त 'येस' शिरते. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांच्या १९९७ च्या वर्गनिरीक्षणात हीच पद्धत सर्वाधिक वापरली जाते आणि विद्यार्थ्यांकडून दुरुस्ती घडवून आणण्यात मात्र ती मागे पडते, असे दिसले. त्याऐवजी भुवया उंचावून 'यस्टरडे?' एवढेच विचारले, तरी बहुधा तो स्वतःच 'वेंट' म्हणतो.

४. व्याकरणातील संज्ञा पाठ करून घ्याव्यात का?

दहा-बारा पुरेशा आहेत: नाम, क्रियापद, कर्ता, कर्म, काळ, उपवाक्य अशा. त्या नसतील तर चुकीविषयी बोलणेच अवघड होते. परंतु 'पास्ट पर्फेक्ट कंटिन्युअस'ची व्याख्या घडाघडा म्हणणारा मुलगा ती रचना नेमकी नको तेथे वापरताना आढळतो, हेही तितकेच खरे.

५. 'अ', 'ॲन' आणि 'द' कोठे लावायचे? मुले एक तर गाळतात, नाही तर सगळीकडे लावतात.

मराठीत आर्टिकल नाही, हे याचे कारण. 'मला एक पुस्तक हवे आहे' यातील 'एक' कधीकधी 'अ'चे काम करतो आणि 'ते पुस्तक फाटले' यातील 'ते' कधीकधी 'द'चे. पण हे शब्द मराठीत ऐच्छिक आहेत, इंग्रजीत ती निवड टाळता येत नाही. विद्यार्थ्याने प्रत्येक नामापाशी थांबून दोन गोष्टी ठरवाव्यात. ही वस्तू मोजता येते का? आणि मी कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला आधीच कळले आहे का? 'आय बॉट अ बुक' म्हणताना पुस्तक ऐकणाऱ्याला नवे आहे. पुढच्याच वाक्यात 'द बुक इज टोर्न' म्हणताना ते ओळखीचे झाले. 'क्लोज द डोअर' म्हणताना दाराचा आधी उल्लेख झालेला नसतो, तरी कोणते दार हे दोघांनाही कळते, म्हणून तेथेही 'द'. पुस्तकांत छापलेला 'दुसऱ्यांदा उल्लेख आला की द' हा नियम त्यामुळे अपुरा पडतो.

न मोजता येणाऱ्या नामांच्या बाबतीत मराठी दगा देते. आपण 'एक सल्ला', 'दोन बातम्या' सहज म्हणतो. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' यांना 'अ' लागत नाही आणि त्यांचे अनेकवचनही होत नाही. 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' असा वळसा घ्यावा लागतो.

'अ' की 'ॲन' हे अक्षरावर नव्हे, तर उच्चारावर ठरते. म्हणून 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन एमएलए' पण 'अ मेंबर'.

अपवाद संस्थावाचक नामांत भेटतात. मुलगी शिकायला जाते तेव्हा 'शी गोज टू स्कूल'. तिचे वडील शिक्षकांना भेटायला त्याच इमारतीत जातात तेव्हा 'ही वेंट टू द स्कूल'. रुग्ण ब्रिटिश इंग्रजीत 'इन हॉस्पिटल' असतो आणि अमेरिकी इंग्रजीत 'इन द हॉस्पिटल'. नद्या आणि पर्वतरांगा यांना 'द' लागतो, एकट्या शिखराला लागत नाही: 'द हिमालयाज', पण 'माउंट एव्हरेस्ट'. यामागे तर्क शोधत बसण्यापेक्षा ही नावे आर्टिकलसकट पाठ करणे शहाणपणाचे.

६. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चूक का? मराठीत तर 'मी त्याला काल पाहिले आहे' असे आपण म्हणतो.

कारण 'हॅव सीन' ही रचना वाक्याला वर्तमानाशी बांधते आणि 'यस्टरडे' तो काळ संपल्याचे सांगतो. इंग्रजीत या दोघांचे जमत नाही. मराठीत 'आहे'ला ही अडचण नाही. संपलेला ठरावीक काळ सांगायचा असेल तर 'आय सॉ हिम यस्टरडे'. 'टुडे', 'धिस वीक' हे काळ अजून चालू असल्यामुळे त्यांच्यासोबत 'हॅव सीन' चालते.

याचे जुळे भावंड म्हणजे 'आय हॅड गॉन देअर यस्टरडे'. 'मी काल तेथे गेलो होतो' या सरळ मराठी वाक्याचे हे शब्दशः रूप आहे. मराठीतील 'होतो' बहुतेक वेळा केवळ झालेली गोष्ट सांगतो. इंग्रजीतील 'हॅड गॉन' मात्र भूतकाळातील दुसऱ्या एका घटनेच्या आधी काय घडले होते, ते सांगतो. विद्यार्थ्याला विचारावे: "कशाच्या आधी?" उत्तर असेल ('गाडी सुटली त्याच्या आधी'), तर 'हॅड' ठेवावे. उत्तर नसेल, तर 'आय वेंट' पुरे.

तिसरी गाठ 'पासून'ची आहे. 'मी दहा वर्षांपासून येथे राहतो' यावरून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य जन्माला येते आणि त्यात दोन चुका असतात. पूर्वी सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीसाठी 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' हवे. शिवाय मराठीचा एकच 'पासून' इंग्रजीत दुभंगतो: आरंभबिंदूसाठी 'सिन्स' (सिन्स २०१५), कालावधीसाठी 'फॉर' (फॉर टेन इयर्स).

अमेरिकी बोलण्यात 'डिड यू ईट यट?' असे ऐकू येते, जेथे ब्रिटिश माणूस 'हॅव यू ईटन यट?' म्हणेल. दोन्ही ग्राह्य आहेत. निवडीविषयी प्रश्न ११ पाहावा.

७. 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' हे इतके लोक बोलतात, मग चूक कसे?

'नो', 'अंडरस्टँड', 'बिलाँग', 'ओन' यांसारखी स्थितिवाचक क्रियापदे प्रमाण लेखनात सहसा '-इंग' घेत नाहीत. परंतु अर्थ बदलला की नियमही बदलतो. मालकी सांगणारे 'आय ॲम हॅविंग अ कार' चूक आहे, तर जेवणाविषयीचे 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर. 'ही इज रूड' म्हणजे तो स्वभावाने उर्मट आहे. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता उर्मटपणे वागतो आहे. येथे प्रश्न १ मधील चौकशीच उपयोगी पडते.

८. 'डिस्कस अबाउट' चूक, पण 'डिस्कशन अबाउट' बरोबर. प्रीपोझिशनला काही नियम आहे का?

स्थळ आणि वेळ यांच्यापुरता आहे. क्रियापदांना आणि विशेषणांना चिकटून येणाऱ्या प्रीपोझिशनला जवळजवळ नाही. 'विषयी चर्चा करणे' यातून 'डिस्कस अबाउट' येते, '-शी लग्न' यातून 'मॅरीड विथ' येते, प्रत्यक्षात हवे असते 'मॅरीड टू'. नाम आणि क्रियापद यांच्यातील फरकही मुलांना फसवतो: 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प', पण 'ही रिक्वेस्टेड हेल्प'. शब्द वहीत उतरवताना एकटा उतरवू नये, प्रीपोझिशनसह छोटे वाक्य उतरवावे, एवढाच व्यवहार्य उपाय आहे.

९. वाक्याचा शेवट प्रीपोझिशनने करू नये आणि सुरुवात 'बट'ने करू नये, असे शिकवले जाते. हे नियम खरे आहेत का?

हे शैलीविषयीचे आग्रह आहेत, ते व्याकरणाच्या माथी मारले गेले. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या प्रीपोझिशनला कवी जॉन ड्रायडन याने १६७२ मध्ये नावे ठेवली. बिशप रॉबर्ट लाउथ याने १७६२ च्या आपल्या व्याकरणात ही लकब बोलीत शोभते, गंभीर लेखनात दुसरी रचना बरी, इतकेच म्हटले. आणि गंमत म्हणजे ते सांगताना त्याने स्वतःच एक उपवाक्य प्रीपोझिशनने संपवले आहे. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा आग्रह तर एकोणिसाव्या शतकातला आहे. 'अँड' आणि 'बट' यांनी वाक्य सुरू करण्याची चाल मुरलेल्या लेखकांत सर्रास आढळते.

परीक्षेत मात्र तपासनीस कोण आहे, हे ठाऊक नसते. 'द हाउस आय लिव्ह इन' चूक नाही हे विद्यार्थ्याला सांगावे, आणि औपचारिक उत्तरपत्रिकेत 'द हाउस इन विच आय लिव्ह' लिहिल्यास कोणाचीच तक्रार येणार नाही, हेही सांगावे.

१०. 'एव्हरीवन' एकवचनी आहे, मग पुढे 'देअर' कसे चालते?

चौदाव्या शतकापासून चालत आले आहे. व्यक्ती अनिश्चित असली किंवा तिचे लिंग सांगायचे नसले, की इंग्रजी 'दे'चा आधार घेते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१९ मध्ये आपल्या लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीत या वापराला स्पष्ट मान्यता दिली. क्रियापद तेवढे अनेकवचनी राहते: एका व्यक्तीविषयी बोलतानाही 'दे आर'. जुन्या वळणाच्या परीक्षकाची धास्ती वाटत असेल, तर सगळे वाक्यच अनेकवचनात न्यावे: 'ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर बुक्स'.

११. ब्रिटिश इंग्रजी शिकवावे की अमेरिकी? आणि आपल्याकडे रुळलेले इंग्रजी चुकीचे समजावे का?

परीक्षा ज्या पद्धतीची असेल ती धरावी. तसे बंधन नसेल तर कोणतीही एक धरावी आणि तीच शेवटपर्यंत पाळावी. 'द टीम आर प्लेइंग वेल' हे ब्रिटिश कानाला खटकत नाही, अमेरिकी कानाला खटकते. यातले शुद्ध कोणते, हा प्रश्नच गैरलागू आहे.

आपल्याकडच्या इंग्रजीविषयी मात्र शब्दागणिक वेगळा निर्णय घ्यावा लागतो. 'प्रीपोन' आता शब्दकोशांत आहे, त्याचा अर्थही चटकन कळतो. परदेशी वाचकासाठी 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहावे, इतकेच. 'उत्तर कळवा' या अर्थाचे 'प्लीज रिव्हर्ट' अधिक धोक्याचे, कारण अन्यत्र 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला परतणे, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द तर फसवेच असतात. आपण 'हॉटेलात जेवलो' म्हणतो, पण इंग्रजीतले 'हॉटेल' राहण्याचे ठिकाण असते, जेवणाचे 'रेस्टॉरंट'. 'डोन्ट टेक टेन्शन'च्या जागी 'डोन्ट वरी' हवे. असे शब्द मुलांना अवघड वाटत नाहीत, म्हणूनच ते शब्दकोशात पाहिले जात नाहीत.

१२. शब्दकोशात एका शब्दाखाली दहा अर्थ असतात. पहिला घ्यावा का?

कोश कोणता, त्यावर अवलंबून आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या, ऐतिहासिक कोशात अर्थ कालक्रमाने लावलेले असतात, म्हणजे पहिला अर्थ सर्वांत जुना आणि कदाचित आज मृत असतो. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत सहसा अधिक प्रचलित अर्थ आधी येतो आणि व्याख्याही मर्यादित, सोप्या शब्दांत लिहिलेली असते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या हाती दुसऱ्या प्रकारचाच कोश द्यावा.

तरीही अर्थ निवडण्यापूर्वी दोन कामे करावीत. वाक्यात तो शब्द नाम आहे की क्रियापद, हे पाहावे. त्यानेच निम्मे अर्थ गळतात. मग प्रत्येक अर्थ मूळ वाक्यात ठेवून पाहावा. 'सँक्शन' या शब्दाचे 'मंजुरी' आणि 'निर्बंध' असे उलटे अर्थ आहेत: 'द प्लॅन वॉज सँक्शन्ड' यात मंजुरी, तर 'सँक्शन्स अगेन्स्ट द कंट्री' यात निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. येथे संदर्भाखेरीज दुसरा वाटाड्या नाही. इंग्रजी-मराठी कोश चटकन अर्थ लागण्यासाठी चांगला, पण लिहिताना तेवढ्यावर विसंबू नये. त्याचे कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

१३. किती शब्द पाठ केले म्हणजे इंग्रजी वाचता येईल?

भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्याही मदतीविना वाचायचे, म्हणजे मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असायचे, तर सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुले यावी लागतात. शब्दकुल म्हणजे एक शब्द आणि त्याची साधित रूपे. आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण सर्वाधिक वापराची पहिली २,००० शब्दकुलेच सामान्य मजकुराचा फार मोठा भाग व्यापतात. दुर्मीळ शब्दांच्या याद्या घोकणारा विद्यार्थी 'गेट', 'टेक', 'सेट' यांच्या वापरात अडखळत असेल, तर मेहनत चुकीच्या जागी चालली आहे असे समजावे.

१४. समानार्थी शब्द वापरल्याने निबंध भारदस्त होतो का?

बहुधा बोजड होतो. दोन शब्दांचा अर्थ एक असला, तरी त्यांची संगत एक नसते. 'स्ट्राँग' आणि 'पॉवरफुल' दोन्ही जोरदार. तरी चहा 'स्ट्राँग टी' असतो आणि इंजिन 'पॉवरफुल'. पाऊस 'हेवी रेन', वारा 'स्ट्राँग विंड'. चूक 'मेक' केली जाते, 'डू' नाही. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, अशा आशयाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचे १९५७ मधील विधान याच संदर्भात सांगितले जाते.

दुसरा फरक सुराचा. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' दोघेही पैसे जपून खर्च करतात, पण पहिला काटकसरी ठरतो आणि दुसरा कंजूष. युक्तिवादाच्या लेखनात तर असा एक शब्द बाजू उघडी पाडतो. विद्यार्थ्याने नवा शब्द वापरला असेल, तर तो शब्द त्याने आणखी कोणत्या वाक्यात पाहिला आहे, हे विचारावे. एकही वाक्य आठवत नसेल, तर साधा शब्द परत आणावा.

१५. शब्दाच्या मुळात जो अर्थ असतो, तोच खरा अर्थ नव्हे का?

नव्हे. 'डेसिमेट' म्हणजे मुळात दर दहा सैनिकांमागे एकाला मारण्याची रोमन शिक्षा. आज तो शब्द मोठ्या विनाशासाठी वापरला जातो आणि तो वापर ग्राह्य आहे. 'नाइस'च्या लॅटिन मुळाचा अर्थ 'अज्ञानी' असा आहे, तरी आज कोणी त्या शब्दाने दुखावत नाही. अनोळखी शब्दाचा अंदाज बांधायला मूळ आणि उपसर्ग उपयोगी पडतात; पण अंदाज शेवटी कोशात पडताळावा लागतो.

१६. 'आपले मत मांडा' असा प्रश्न असतो. विद्यार्थी मत लिहितो, तरी गुण कमी का मिळतात?

बहुतेकदा त्याने मत लिहिलेले नसते. ज्याला कोणीच हरकत घेणार नाही असे काहीतरी लिहिलेले असते. शाळेची वेळ या विषयावर 'स्लीप इज इम्पॉर्टंट फॉर चिल्ड्रन' हा दावा होत नाही. 'हायस्कूल्स शुड नॉट स्टार्ट बिफोर एट थर्टी' हा होतो, कारण एखादा विचारी माणूस त्याला 'नाही' म्हणू शकतो. पहिल्या परिच्छेदातील एका वाक्यावर बोट ठेवायला सांगावे आणि विचारावे, "याला विरोध कोण करेल?" नाव सांगता आले नाही, तर दावा अजून सापडलेला नाही.

१७. पुरावे भरपूर दिले आहेत, तरी निबंध पटत नाही. कोठे बिघडते?

पुरावा आणि दावा यांना जोडणारी कडी गाळलेली असते. वरच्याच विषयावर विद्यार्थी लिहितो की १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितले. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि लवकर झोप येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिएट्रिक्सने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी सुरू करू नयेत अशी शिफारस केली. सगळे खरे आहे. पण शाळा उशिरा सुरू झाली, तर मुले तेवढी जास्त झोपतील की तेवढीच उशिरापर्यंत जागतील? निबंध पहिली शक्यता गृहीत धरतो आणि त्याविषयी अवाक्षर काढत नाही. शंकेखोर वाचक नेमका तेथेच सुटतो.

तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये या कडीला 'वॉरंट' असे नाव दिले. आपल्याकडे न्यायदर्शन या प्राचीन तर्कशास्त्राने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय (नियम प्रस्तुत गोष्टीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) अशी पाच अंगे फार पूर्वीच सांगितली होती. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. पण 'जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात' हे तिसरे अंग नसेल, तर धुरावरून अग्नीकडे जाण्याचा अधिकारच मिळत नाही. मुलांच्या निबंधांत पहिले, दुसरे आणि पाचवे अंग असते, तिसरे नसते. दर पुराव्यानंतर "म्हणून काय?" असे विचारत गेले की ते आपोआप बाहेर येते.

१८. विरुद्ध बाजू मांडली, तर आपलीच बाजू लंगडी पडत नाही का?

वाचक कोण, यावर हे ठरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर कार्ल हॉव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच सहमत असलेल्यांना एकतर्फी मांडणी अधिक भावली; आधी विरोधात असलेल्यांवर आणि अधिक शिकलेल्यांवर दोन्ही बाजू सांगणारी मांडणी अधिक परिणामकारक ठरली. निबंध तपासणारा हा शिकलेलाच असतो आणि तो सहमत असेल असे धरून चालता येत नाही.

मात्र पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, खराखुरा हवा. 'काही आळशी लोक म्हणतात' अशी सुरुवात म्हणजे पूर्वपक्ष नव्हे. शाळेच्या वेळेबाबत विरोधकाचे म्हणणे असे असते: बसगाड्यांचे वेळापत्रक कोलमडेल, कामावर जाणाऱ्या पालकांची पंचाईत होईल, संध्याकाळचा खेळ बुडेल. हे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत लिहावे आणि मग उत्तरपक्षाकडे वळावे. सगळेच खोडून काढता येत नाही आणि काढूही नये. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून हायस्कुले साडेआठपूर्वी भरवण्यास बंदी घातली, तेव्हा ग्रामीण भागातील शाळांना त्या कायद्यातूनच वगळले. म्हणजे अडचण खरी आहे, हे कायदा करणाऱ्यांनीही मानले. असे मान्य करणारा परिच्छेद निबंधाला बळच देतो. स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करण्याला न्यायशास्त्रात 'वितंडा' म्हणतात. मुलांना तो प्रकार फार आवडतो.

१९. भावनेला हात घालणे गैर आहे का?

गैर नाही. एका पेंगणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्णन वाचकाला विषयाशी जोडते. पण त्या वर्णनावरून 'सर्व मुले पेंगतात' असा निष्कर्ष काढला, की भावनेला पुराव्याच्या जागी बसवले जाते.

२०. विद्यार्थी तर्कदोषांची नावे शिकला आहे आणि आता प्रत्येकाला 'स्ट्रॉ मॅन' म्हणतो. काय करावे?

'स्ट्रॉ मॅन' म्हणजे समोरच्याचे म्हणणे विपर्यस्त करून तेच खोडून काढणे. नाव घेण्यास बंदी करावी आणि दोष साध्या शब्दांत सांगायला लावावा: "मी अमुक म्हणालो होतो, तुम्ही तमुक खोडून काढले." असे सांगता आले, तर दोष खरा आहे. शिवाय तर्क सदोष असला, तरी त्याचा निष्कर्ष खोटाच असतो असे नाही.

२१. 'ऑलवेज', 'प्रूव्ह्ज' असे ठाम शब्द वापरले की मुद्दा जोरदार होतो ना?

एक अपवाद सापडताच तो कोसळतो. 'मे', 'टेंड टू', 'इन मोस्ट केसेस' हे शब्द पुराव्याच्या ताकदीइतकाच दावा करतात. उलट, प्रत्येक वाक्यात 'परहॅप्स' घालणारा लेखक काहीच म्हणत नाही. मोडल क्रियापदे शिकवण्याची उत्तम जागा युक्तिवादाच्या तासाला आहे: एकच वाक्य 'विल', 'मे' आणि 'माइट' यांनी लिहवून घ्यावे आणि हाती असलेला पुरावा कोणाला पेलतो, ते विचारावे.

२२. व्याकरण तपासणारी साधने किंवा चॅटबॉट वापरू द्यावेत का?

तपासणीसाठी द्यावेत, लिहिण्यासाठी नाही. घसरण पकडण्यात ही साधने तरबेज आहेत. परंतु प्रश्न १ मधील वाक्यासारखे निर्दोष दिसणारे वाक्य लेखकाच्या मनात वेगळ्याच अर्थाने असेल, तर त्यांना ते कळण्याचा मार्ग नसतो. सुचवलेला प्रत्येक बदल स्वीकारताना किंवा नाकारताना विद्यार्थ्याने त्याचे कारण एका ओळीत लिहावे. चॅटबॉटने दिलेली आकडेवारी आणि अवतरणे मूळ ठिकाणी पाहिल्याखेरीज निबंधात घेऊ नयेत. ती अगदी खरी वाटावीत अशा थाटात चुकीची असू शकतात.

२३. सुधारता सुधारता निबंध माझाच होऊन जातो. मर्यादा कोठे आखावी?

लेखणी विद्यार्थ्याच्या हातात असावी, हा पहिला नियम. तुम्ही प्रश्न विचारू शकता, अस्पष्ट ओळ दाखवू शकता, नियम समजावून देऊन वेगळ्याच वाक्यावर त्याचा वापर करून दाखवू शकता. पण त्याच्या निबंधात जसेच्या तसे बसेल असे वाक्य उच्चारू नये. शंका आली तर निबंधातील एखादा परिच्छेद निवडून कागद बाजूला ठेवायला सांगावा आणि तो मुद्दा तोंडी मांडायला लावावा. स्वतःच्या ओबडधोबड इंग्रजीत का होईना, त्याला तो मांडता आला तर निबंध त्याचा आहे.

प्रवेशअर्जासोबतचा निबंध आणि गुण मिळणारे गृहलेखन यांच्या बाबतीत मर्यादा संस्था ठरवते, तुम्ही नाही. बाहेरची मदत कितपत चालेल हे नियमांत लिहिलेले नसेल, तर विद्यार्थ्याने लेखी विचारून घ्यावे, आणि घेतलेल्या मदतीचा उल्लेख निबंधाखाली एका वाक्यात करावा.